तुटलेल्या तारेची जिवंत बाजू

समोरचा माणूस अर्धा ग्लास पाणी प्यायला, उरलेल्या पाण्यावर त्यानं बशी झाकली आणि विचारलं, "साहेब, तार तुटली की तुम्हाला कसं कळतं?"

प्रश्न साधा होता. विचारणारा साधा नव्हता. मुंबईतला मटक्याचा धंदा ज्या दोन-चार माणसांच्या मुठीत होता, त्यांतला हा एक. नाव लिहीत नाही. तेव्हाही आमच्याकडं कुणी घेत नसे, नुसतं 'शेठ' म्हणत. मटका म्हणजे आकड्यांचा जुगार. आकडा मुंबईत निघायचा आणि त्यावर डाव लावलेले लोक तालुक्यातालुक्यात वाट बघत बसायचे. ह्या धंद्यात आडवं येणाऱ्याचं काय होतं, ते थोडं वर्तमानपत्रात छापून येई. बाकीचं बाजारात ऐकू येई.

शेठ तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आला होता आणि तिथून मुद्दाम धाराशिवला, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आला होता. सोबत मुकुंदराव होते. हे गावातले सुपारीचे व्यापारी, आणि शेठचे इथले एजंट. एरवी बिलाची तक्रार घेऊन आले तरी मुकुंदराव बसल्याशिवाय बोलत नसत. त्या दिवशी ते उभेच होते.

मी त्या एक्स्चेंजचा ज्युनिअर इंजिनिअर. दुष्काळाची वर्षं होती. गावाबाहेर बोलायचं तर वाट एकच: खांबांवरून तुळजापूरमार्गे सोलापूरला गेलेली तांब्याच्या तारांची जोडी. तिला ट्रंक लाइन म्हणत. टँकर मागवायचे, कडब्याची वॅगन कुठं अडकली ते विचारायचं, खरेदी-विक्री संघाला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, पोती कधी येणार ते कळायचं, सगळं त्या दोन तारांवरून. आणि मुंबईचा आकडाही त्यांवरूनच.

त्या तारा चोरीला जात होत्या. तांब्याला भाव होता. आम्ही एक तुकडा जोडला की चार दिवसांनी दुसरीकडं लाइन मेलेली. कलेक्टर कचेरीचा शिपाई सायकलवरून आमच्या दारात फेऱ्या मारायचा. लाइन लवकर लागली नाही की कुठल्या तरी गावाचा टँकर चुकायचा.

मी शेठला टेस्ट डेस्कजवळ नेलं. तिथं ब्रिज नावाची एक लाकडी पेटी होती. तुटलेली तार जमिनीवर पडली की तिच्यातला करंट जमिनीत जातो. तिथवर जाताना त्याला किती विरोध झाला, ते ब्रिजवर मोजता येतं. एका मैलाला विरोध किती ते आम्हाला ठाऊक असतं. भागाकार केला की तार किती मैलांवर तुटली ते निघतं. खांबांना नंबर असतातच.

"अंदाज किती चुकतो?" शेठनं विचारलं.

"खांब-दोन खांब."

"म्हणजे चोर तारेचं वेटोळं करत असतो तेव्हा तुम्हाला त्याचा पत्ता माहीत असतो."

असा विचार मी कधी केला नव्हता. "तसं म्हणता येईल."

"मग तो सापडत का नाही?"

"मला जीप नाही. लाइनमन सायकलनं नाहीतर एस.टी.नं जातो. पोहोचेपर्यंत चोर घरी जेवून झोपलेला असतो."

शेठ पहिल्यांदा हसला. "माझ्याकडं आहे जीप. मुकुंदरावांकडं ठेवून जातो. माणसंही देतो. तुम्ही खांब सांगायचा, बाकी आमच्याकडं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर, नोकरीत कुठल्याही वरिष्ठानं मला ब्रिजबद्दल इतके नेमके प्रश्न विचारले नव्हते. मी खुशीनं सांगत गेलो होतो. तो गेल्यावर मात्र मला बसवेना.

बाहेर व्हरांड्यात आमचे लाइनमन गफूरचाचा उभे होते. जळकोटचे. वयानं माझ्याहून मोठे, पण मला 'साहेब' म्हणत.

"साहेब, त्या मानसाला खांब सांगू नका."

"का?"

"चोर आपलाच हाय."

चाचांनी सांगितलं ते असं. भुरटा चोर इन्सुलेटर, म्हणजे खांबावरची चिनी मातीची बोंडं, फोडून तार ओढतो. हा चोर बोंडाला तार बांधणारी बाइंडिंग वायर सोडवतो आणि तिचे तुकडेसुद्धा मागं ठेवत नाही. खांबाखाली एक तुकडा सापडत नव्हता.

"तुकडं रानात टाकायचं न्हाईत, जनावरांच्या पोटात जात्यात, ही माझी शिकवन. माझ्या हाताखालची पोरं तुकडं खिशात घालत्यात. नामदेव घालायचा."

नामदेव आमच्याकडं रोजंदारीवर होता. काम संपलं तेव्हा खात्यानं त्याला कमी केलं. आता तो तुळजापूरच्या पुढं पाझर तलावाच्या कामावर दगड फोडत होता. लाइन तिथूनच जायची.

"तुम्ही त्याला बोललात?"

"जाऊन आलो. पाया पडला. पुन्हा करनार न्हाय म्हनला." चाचा थांबले. "त्याचं वागनं वाईटच हाय, साहेब. जेलात टाका. पर हे लोक त्याला जेलात न्हाय टाकनार."

दुसऱ्या दिवशी लाइन जोडली गेली. मी सोलापूरला डिव्हिजनल इंजिनिअरांना फोन लावला. "सर, चोर पकडायला एका माणसानं जीप देऊ केलीय."

"चांगलं आहे की! कोण?"

मी नाव सांगितलं. पलीकडं काहीच ऐकू येईना. तार पुन्हा गेली असं मला वाटलं. "हॅलो? सर?"

"आहे मी. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. लाइन खराब होती. पण मला लाइन चालू पाहिजे, समजलं?"

फौजदारांना भेटलो. ते म्हणाले, "चोरी झाली की खांबाचा नंबर कळवा. गाडी मोकळी असली तर पाठवतो. सगळे टँकरच्या बंदोबस्ताला आहेत." नामदेवचं नाव मी सांगितलं नाही. मागं न टाकलेले तुकडे हा पुरावा फौजदारांनी मानला नसता, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मला पुरत नव्हती.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही दोनदा कुलूप लावलंत."

"मुंबईची माणसं गावात आहेत."

"मग कुलपानं काय होणार?" ती म्हणाली आणि रांजणावर झाकण ठेवायला गेली.

मुंबईहून आलेले दोघं मुकुंदरावांच्या दुकानाबाहेर बसलेले असत. एक उंच, एक ड्रायव्हर. मी ऑफिसला जाताना उंच माणूस उठून नमस्कार करी. त्या नमस्कारानं माझं पाऊल जड होई. ऑफिसात ऑपरेटर कांबळेबाईंनी नुसतं "साहेब" म्हटलं तरी मी दचकायचो.

मग एका बाजारच्या दिवशी, उन्हं उतरताना, त्यांनी "साहेब" म्हटलं ते मला ज्याची धास्ती होती त्यासाठीच. "सोलापूर गेलं."

मी ब्रिजवर बसलो. काटा थांबेना, तारेचं टोक जमिनीवर हलत असावं. म्हणजे कुणीतरी ती आत्ता ओढत होतं. शेवटी आकडा स्थिर झाला. भागाकार केला. पाझर तलावाच्या पुढचा माळ. खांब दोनशे बारा.

कागदावर नंबर लिहिला तोवर बाहेर जीप थांबली. मुकुंदराव मुंबईशी बोलत असतानाच लाइन गेली होती. माझ्याआधी त्यांना कळलं होतं.

"साहेब, खांब?"

खोटा नंबर सांगणं सोपं होतं. पण त्यानं एक संध्याकाळ निघाली असती. उद्या ते खांबांच्या रांगेनं चालत गेले असते तरी त्यांना नामदेव सापडला असता, आणि तेव्हा तिथं दुसरं कुणी नसतं.

"सांगतो," मी म्हटलं. "पण जीपमध्ये मी बसणार. गफूरचाचाही."

"तुमचं काय काम तिथं?"

"तार जोडायचीय. तुमच्यात कुणाला येते?"

मुकुंदरावांनी घड्याळ पाहिलं. रात्री आकडा यायचा होता. "बसा," ते म्हणाले.

मी आत जाऊन कांबळेबाईंना सांगितलं, "नंबर फौजदारांना कळवा. आणि बोर्ड सोडू नका. बोर्डावर सोलापूरची लाइन येते त्या जागेवर लक्ष ठेवा."

"पण लाइन मेलीय ना, साहेब?"

"आपल्या बाजूची नाही."

मी आणि चाचा जीपमध्ये मागं बसलो. चाचांच्या मांडीवर दोर, पक्कड आणि लाइनमनचा हँडसेट असलेली कातडी पिशवी होती. हँडसेट म्हणजे हातात मावणारा फोन. तारेला चिमटे लावून खांबाजवळूनच बोलता येतं. सीटखाली लोखंडी पाइप होता. रस्ता खराब आला की तो माझ्या टाचेला लागायचा. तुळजापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना नुसता उघडा माळ होता, त्यामुळं माणूस लांबूनच दिसला.

नामदेवच्या खांद्यावर तारेचं वेटोळं होतं. जीप बघून तो पळाला, पण तारेचं एक टोक मोकळं होतं, ते पायात आलं आणि तो पडला. उंच माणसानं त्याला कॉलर धरून उठवलं.

"चाचा!" नामदेव ओरडला. "गफूरचाचा!"

"गप, भाड्या!" चाचा म्हणाले. "शपथ घेतलीवतीस न्हवं?"

उंच माणसाच्या हातात आता पाइप होता. तो माझ्याशी मात्र अदबीनं बोलला. "साहेब, तुम्ही आपली तार जोडा. ह्याला आम्ही नेतो."

"कुठं?"

"मुंबई दाखवतो त्याला. बघितली नसंल त्यानं."

ड्रायव्हर हसला. मुकुंदराव हसले नाहीत. ते दुसरीकडं बघत होते.

मी चाचांकडं पाहिलं. ते दोर घेऊन धाराशिवच्या बाजूच्या खांबावर चढले. त्या वयात ते इतक्या झपाट्यानं चढतील असं मला वाटलं नव्हतं. लोंबणारी दोन्ही टोकं त्यांनी जमिनीवरून वर ओढली, चिमटे लावले आणि हँडसेट दोरानं खाली सोडला. मी त्याचा दांडा फिरवला. दांडा फिरवला की एक्स्चेंजच्या बोर्डावर एक छोटी झडप पडते. ती पडली की नाही, हे इकडं कळत नाही. पुन्हा फिरवला.

"धाराशिव," कांबळेबाई म्हणाल्या.

मी गरजेपेक्षा बरंच मोठ्यानं बोललो. "बाई, खांब दोनशे बारावरून बोलतोय. चोर सापडला. नामदेव, आपल्याकडं रोजंदारीवर होता तो. जिवंत आहे, धडधाकट आहे. लिहून घ्या. त्याला पकडायला सुपारीवाले मुकुंदराव आणि त्यांचे मुंबईचे दोन पाहुणे आले आहेत. जीपचा नंबर सांगतो." आणि मी नंबरप्लेटसमोर जाऊन एकेक आकडा सुटा वाचला. "आता पोलीस स्टेशन जोडा."

"माझं नाव कशाला?" मुकुंदराव धावत आले.

"तुम्ही चोर पकडून दिलात. सरकार बक्षीस देतं."

उंच माणूस माझ्या हातातल्या फोनकडं बघत होता. "तार तर तुटलीय ना?"

वरून चाचा म्हणाले, "मुंबईकडची तुटलीय, भाऊ. धाराशिवकडची चालू हाय."

फौजदार लाइनवर आले. मी सगळं पुन्हा सांगितलं, पुन्हा जीपच्या नंबरासह. ते म्हणाले, त्या पाहुण्यांना थांबवून ठेवा, जबाब लागतील. मी हँडसेट उंच माणसापुढं धरला. "तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

त्यानं फोन घेतला नाही. पाइप जीपमध्ये टाकला, नामदेवची कॉलर सोडली आणि ड्रायव्हरला खूण केली. जीप निघून गेली. घाईत मुकुंदराव मागंच राहिले.

पोलिसांची गाडी येईपर्यंत आम्ही चौघं खांबाखाली बसलो. नामदेव रडत होता. चाचा त्याच्याशी बोलत नव्हते, पण त्याचा गुडघा फुटला होता त्यावर त्यांनी आपला रुमाल बांधला. मुकुंदराव सारखे घड्याळ बघत होते. शेवटी मला म्हणाले, "साहेब, त्या यंत्रावरून मुंबई लागंल का?"

"नाही."

नामदेवला शिक्षा झाली. मी कोर्टात साक्ष दिली. जे पाहिलं ते सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. पुढं कित्येक महिने बाहेर जीप थांबली की मी खिडकीतून आधी नंबर बघायचो. कुणी आलं नाही. एकदा फक्त मुकुंदराव आले आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "शेठनं निरोप दिलाय. असा साहेब आपल्याकडं पाहिजे होता म्हनले."

मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "पगार किती, ते विचारलंत का?"

एक चोर आत गेला म्हणून तांब्याचा भाव उतरला नव्हता. दुसरा आला असता. मी सोलापूरला लिहिलं की ह्या टापूत तांब्याऐवजी लोखंडी तार टाकावी. लोखंडावर आवाज पडतो, पण ते कुणी चोरत नाही. डिव्हिजनल इंजिनिअरांनी फोनवर खूप कुरकुर केली आणि मंजुरी दिली. तोवर नामदेव सुटून आला होता. तार ओढणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांत मला तो दिसला. त्याला कुणी आणला, ते मी चाचांना विचारलं नाही. बाइंडिंगचे तुकडे तो खिशात टाकत होता.

नव्या लाइनवर चोरी झाली नाही. आवाज मात्र खरंच पडला. सगळं गाव फोनवर ओरडून बोलू लागलं. कलेक्टर कचेरीतून टँकरचे हिशेब रस्त्यापर्यंत ऐकू येत. मुकुंदरावांची मोठी पंचाईत झाली. आकडा विचारायचा तर ओरडून, पलीकडून सांगितलेला खरा का ते पाहायचं तर पुन्हा ओरडून, आणि दुकानाच्या समोरच पोलीस चौकी. महिन्याभरात त्यांनी ते काम सोडलं. शेठनं नंतर दुसरा कुणी नेमलाच असेल; तेवढ्यानं मटका बंद पडत नाही.

मी पुढं खात्यात नव्या आलेल्या मुलांना शिकवताना शेठचं नाव कधी काढलं नाही. एवढंच सांगायचो: तुटलेली तार दोन्हीकडून मेलेली नसते. आपल्या बाजूची कोणती ते बघा, तिला हँडसेट लावा, आणि बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला.