तीन मिली पाणी

पाण्याने माणूस शुद्ध होतो, याबद्दल जगातल्या सगळ्या धर्मांचं एकमत आहे. आमच्या हॉस्पिटलातल्या इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं एवढंच होतं की आधी ते पाणी कुठून आलं ते सांगा.

मुलगी दहा आठवडे आधी जन्मली. वजन किलोच्या जरा वर. "आपल्या वाडीतली पपईसुद्धा याहून जड भरते," असं माझी आई म्हणाली. मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको टाके सांभाळत वरच्या मजल्यावर, आई पापडी गावातलं घर आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये रिक्षात आणि मी नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात, अशी आमची वाटणी झाली. बापाला तिथे काम नसतं. दूध आई देते, औषध सिस्टर देतात, श्वास यंत्र देतं. मला एकच काम नेमून दिलं होतं, आत येण्याआधी हात धुणे. ते मी फार मनावर घेतलं.

दाराबाहेरच्या छोट्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटचं एक उथळ बेसिन होतं. मधोमध कमळाच्या आकाराची पितळी जाळी आणि तिच्यावर बरोबर नेम धरलेला उंच, बाकदार नळ. वर संगमरवरी पाटी: अमुक यांच्या शुभहस्ते 'हस्तशुद्धी कक्षा'चे लोकार्पण. शेजारी समारंभाचा फोटो. त्यात ते शुभहस्त घड्याळ आणि तीन अंगठ्यांसह नळाखाली धरलेले होते. फोटोच्या खालीच पोस्टर होतं आणि त्यातली पहिली सूचना घड्याळ-अंगठ्या काढण्याची होती. मी दिवसातून आठ-नऊ वेळा दोन्ही वाचायचो. वाचायला दुसरं काही नव्हतं.

आधी गाऊन चढवायचा, मग हात धुवायचे. मी पोस्टरवरच्या सगळ्या पायऱ्या पाळून, नळ पूर्ण सोडून, कोपरापर्यंत धुवायचो.

"पप्पा, हात धुताय की टोप घासताय?" इन्चार्ज सिस्टर विचारायच्या. त्या आगाशीच्या. तिथल्या प्रत्येक बापाला पप्पा म्हणायच्या, मग तो त्यांच्याहून वयाने मोठा का असेना. मला तो टोमणा प्रशस्तिपत्रकासारखा वाटायचा. मग त्या मुलीला अलगद उचलून माझ्या छातीशी ठेवत आणि तिच्यावर गाऊनचे दोन्ही पदर ओढून घेत. अर्धा तास मी हलायचो नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास.

आईची मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती, बाप्तिस्मा. एका जुन्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत चर्चमधलं पवित्र पाणी घेऊन ती रोज यायची.

"तिला अजून नीट रडता येत नाही," मी म्हणालो. "पाप कधी करणार?"

"तुझा बाप्तिस्मा केला तेव्हा तुला विचारलं होतं का कुणी?"

"नाही. म्हणूनच सांगतोय."

बाटली परत पिशवीत जायची.

सहाव्या दिवशी दोन बाळं आजारी पडली. एकाचं अंग गार पडायला लागलं, दुसरं दूध घेईना. दोघांच्या रक्तात एकच जंतू निघाला. नवीन बाळं घेणं थांबलं, आईबापांना आत जायला बंदी झाली, बाळंतिणींचं दूध दारातच घेतलं जाऊ लागलं. दारावर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लागली. ती बहुधा लिफ्टची होती. आठव्या दिवशी पहिल्या बाळाची पेटी रिकामी झाली. त्याला सुटी मिळालेली नव्हती.

त्याच सकाळी डॉक्टरांनी मला सांगितलं की माझ्या मुलीलाही दूध पचत नाहीये. तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्टला दोन दिवस.

दोन दिवसांत माणूस किती जिने चढतो-उतरतो, हे मी तेव्हा मोजायला हवं होतं. खाली चहा घ्यायचो, तो न पिता वर यायचो. वर बायको विचारायची, "दूध पचलं का?" मी म्हणायचो, "विचारून येतो." दाराशी जाऊन न विचारताच पुन्हा खाली. कुठेही दहा मिनिटं टेकलं की दुसरीकडे काहीतरी घडत असेल असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून जंतुशास्त्राच्या एक तरुण डॉक्टर आल्या. त्यांनी कुणाचीच चौकशी केली नाही. बेसिन पाहिलं, शेजारी खुंट्यांवर टांगलेले गाऊन पाहिले, दूध पाजायच्या सिरिंज सुकत ठेवलेली फळी पाहिली. मग विचारलं, "इथे सगळ्यात जोरात हात कोण धुतं?"

सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी कमळाच्या जाळीत कसलंसं द्रावण ओतलं, थोडं थांबल्या आणि मला नव्या गाऊनमध्ये नेहमीसारखे हात धुवायला सांगितले. मी धुतले. खरं सांगायचं तर नेहमीपेक्षा जरा चांगलेच धुतले, बघायला माणसं होती. मग त्यांनी दार लावलं, दिवा बंद केला आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी माझ्याकडे वळवली. हात स्वच्छ होते. गाऊन छातीपासून पोटापर्यंत हिरव्या ठिपक्यांनी चमकत होता. ठिपके फळीवर होते, टांगलेल्या गाऊनवर होते, संगमरवरी पाटीच्या शेवटच्या ओळीवरही दोन-चार होते.

"जंतू खालच्या पाइपात घर करून राहतात," त्या म्हणाल्या. "वरून धार थेट जाळीवर पडली की तिथलं पाणी उडून बाहेर येतं. हे बेसिनचं चुकलंय, तुमचं नाही."

पाइपातून घेतलेल्या नमुन्यांचा रिपोर्ट यायचा होता, पण त्यासाठी त्या थांबल्या नाहीत. तासाभरात प्लंबर आला, बेसिन बंद झालं, हातांना लावायच्या औषधाच्या बाटल्या जागोजागी टांगल्या गेल्या, फळी आणि गाऊन दुसऱ्या खोलीत हलले. मी मात्र ठिपक्यांची जागा मनात मोजत होतो. मुलीचं डोकं बरोबर तिथेच यायचं. मी रोज अर्धा तास तिला तिथे धरलं होतं, न हलता.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. फोन काढून आमच्या फादरना लावला. कुठल्याही विधीच्या आधी मी फादरना फोन केल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी आधी घरात कोण गेलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. आत कुणालाच सोडत नाहीत आणि त्या पाळीत ख्रिस्ती सिस्टर नाही, हेही सांगितलं.

"जिवावर बेतलं असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं," ते म्हणाले. "सिस्टरांना फोन द्या."

मी स्पीकर लावून दाराच्या फटीशी धरला. आई बाटली घेऊन पुढे झाली.

"आजी, हे आत जाणार नाही," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "कधी भरलंय?"

"ईस्टरला. आशीर्वाद दिलेलं पाणी आहे, खराब नाही होत."

"आमच्या बेसिनचीपण फीत कापली होती, आजी."

आईने फोनकडे पाहिलं. "फादर, तुम्हीच सांगा हिला."

"साधं पाणी चालतं," फादर म्हणाले. "फक्त पाणी असलं पाहिजे."

"मग मी निर्जंतुक पाणी घेते, इंजेक्शनचं," सिस्टर म्हणाल्या. "किती लागेल?"

"डोक्यावरून वाहायला हवं, बस."

"मिलीमध्ये सांगा, फादर. बाळ गार पडतं."

फादरना धर्मशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न आला नसावा. "दोन-तीन," ते म्हणाले.

"तीन. आणि मी हिंदू आहे, घरी गणपती बसतो. नंतर अडचण नको."

"अडचण नाही. चर्चला जे करायचं असतं तेच करायचं तुमच्या मनात असलं की पुरे."

"माझ्या मनात पोर जगावं एवढंच आहे."

"ते असू द्या," फादर म्हणाले. "त्याने काही बिघडत नाही."

त्यांनी म्हणायचं वाक्य सांगितलं, सिस्टरांनी कागदावर उतरवलं, एकदा वाचून दाखवलं. नाव मी सांगितलं. आईला ते आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

दाराला वहीएवढी काच होती. आई आणि मी तिच्यातून आळीपाळीने बघत होतो. सिस्टरांनी हातांना औषध चोळलं, मोजे चढवले, पाण्याची कुपी मुठीत धरून थोडी कोमट केली, सिरिंजमध्ये पाणी ओढलं. कागद पेटीला चिकटवलेला होता. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. लगेच कापसाने डोकं टिपलं, टोपी घातली, पेटीची खिडकी बंद. फोटो नाही, पाटी नाही. आईने क्रुसाची खूण केली आणि बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. मुलीच्या रक्तात जंतू नव्हते. दूध पचत नव्हतं ते अपुऱ्या दिवसांमुळे, डॉक्टर म्हणाले, हळूहळू पचेल. बेसिनच्या पाइपात मात्र तोच जंतू निघाला. आईच्या मते हे काम तीन मिलीचं, डॉक्टरांच्या मते नशिबाचं. मी दोघांपुढेही मान हलवली. दुसरं आजारी बाळ वाचलं. त्याचा बाप मला जिन्यात भेटला की आम्ही फक्त एकमेकांचे हात पाहायचो. दोघांचीही कातडी सोलवटलेली होती.

सात आठवड्यांनी मुलीला घरी आणलं. तोवर तिथे स्टीलचं खोल बेसिन बसलं होतं, नळाची धार बाजूला पडेल असं. पाटी सिमेंटमध्ये पक्की असल्यामुळे तशीच राहिली.

मग पापडीच्या चर्चमध्ये उरलेला विधी झाला. तेल, मेणबत्ती, पांढरा झगा, बाहेर बँड. पाणी तेवढं नव्हतं, कारण बाप्तिस्मा दोनदा देता येत नाही. आईला ते जरा कमी कमीच वाटलं. नोंदवहीत लिहायला फादरना पुरावा हवा होता, तो मी हॉस्पिटलातून आणला होता, सिस्टरांच्या नोंदीच्या पानाची झेरॉक्स. फादरनी चष्मा लावून ती सगळ्यांना गंभीरपणे वाचून दाखवली:

"सायं. ४.१०. बाप्तिस्मा दिला. बाळाने सहन केला. निर्जंतुक पाणी, दहा मिलीची कुपी, एक. वापरले तीन मिली. उरलेले सात मिली नियमानुसार फेकून दिले."