एक गोळी कमी

वासंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. ती चार दिवसांसाठी नाशिकला भावाकडे गेली होती. त्याने एवढंच सांगितलं, "ताई सकाळी गेली. झोपेतच." फोन ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, दिवसातून किती वेळा घ्यायचं तेही सांगितलं आणि मग मनात पहिला विचार आला तो अस्सल दुकानदाराचा... आता माझ्या गोळ्यांच्या स्ट्रिप कुणी कापणार नाही. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तो आला तेव्हा मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आतल्या स्टुलावर जाऊन बसलो.

आम्ही जव्हारच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी वडिलांच्या औषधाच्या दुकानात बसलो आणि ती मुंबईला जाऊन बुरशी बघत बसली. भिंतीवरची किंवा लोणच्यावरची बुरशी नव्हे, माणसाच्या अंगात शिरणारी. सगळी नोकरी तिने एका प्रयोगशाळेत त्याच कामात घालवली आणि निवृत्त झाल्यावर सामान उचलून जव्हारला परत आली. मुंबईतलं घर सोडून इथे कशाला आलीस, असं विचारलं तर म्हणाली, "अव्या, माझं गिऱ्हाईक इथे राहतं. मी तिकडे बसून काय करू?" बोलणं असं फटकळ. चहा मात्र इतका गोड प्यायची की मी तिला माझ्याच दुकानातल्या मधुमेहाच्या गोळ्या दाखवायचो.

तिचं गिऱ्हाईक म्हणजे मदुरा फूट. रानात, शेतात अनवाणी फिरताना पायात काटा मोडतो, काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते आणि वर्षानुवर्षं पाय आतून पोखरते. दुखत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग पाय सुजतो, भोकं पडतात, त्यातून नागलीहून बारीक काळे दाणे बाहेर येतात. औषध आहे, पण ते महिनोन् महिने घ्यावं लागतं आणि बऱ्याच जणांना लागूच पडत नाही. "नवं औषध कोण काढणार?" वासंती म्हणायची. "हा रोग ज्यांना होतो त्यांच्यासाठी कुणी कारखाना काढत नाही. म्हणून दुसऱ्या रोगांवरच्या जुन्या औषधांत काही सापडतं का ते मी बघते." हे बघणं माझ्या दुकानातून सुरू व्हायचं. पर्समधून स्वतःची कात्री काढायची आणि जंतांच्या, मलेरियाच्या, पित्ताच्या, मिळेल त्या स्ट्रिपमधून एक-एक गोळी कापून न्यायची. मी ओरडायचो, की कापलेली स्ट्रिप कंपनी परत घेत नाही. ती म्हणायची, "मग घेऊ नको परत." खरी परीक्षा मुंबईला, शुद्ध औषधावर व्हायची, कारण गोळीत औषधापेक्षा बांधणीची भुकटीच फार असते. पण तिकडे काय मागायचं हे ठरवण्यासाठी ती आधी घराच्या मागच्या खोलीत चाळून बघायची.

देवकी तिला माझ्याच दुकानात भेटली. पोशेरा गावची, पस्तिशीतली बाई. पेरणीआधी शेतात जाळायच्या राबासाठी फांद्या तोडताना कधीतरी करवंदीचा काटा पायात मोडलेला, आता तो पाय दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता. वासंतीने तिला नमुन्यासाठी घरी बोलावलं. ठरल्या दिवशी देवकी आली ती पाय खसाखसा धुऊन, हळद लावून, लुगड्याची धुतलेली चिंधी बांधून. डॉक्टरकडे, बाईकडे जायचं तर असा घाण पाय घेऊन कसं जायचं? वासंतीने चिंधी सोडली आणि कपाळाला हात लावला. दाणे सगळे वाहून गेलेले. "अगं, मला घाणच पाहिजे होती," ती म्हणाली. देवकीला वाटलं, बाई चेष्टा करते. "घाण कोनी देतं का बाय?" पण पुढच्या खेपेला तिने तीन दिवसांची मळकी पट्टी आणली आणि तोंड दुसरीकडे फिरवून पुढे केली.

त्या पट्टीतल्या दाण्यांतून बुरशी उगवायला कित्येक आठवडे गेले. "ही सरकारी फायलीहून हळू चालते," वासंती म्हणायची. काचेच्या नळीत ती काळपट, सुरकुतलेली वाढली. नळीवर वासंतीने 'पोशेरा' लिहिलं. त्या बुरशीला ठरावीक काळाने नवं खाद्य द्यावं लागायचं. वासंतीने तिला जगवलं आणि माझ्या गोळ्या तिच्यावर घालून बघितल्या. बहुतेक सगळ्या वाया गेल्या. एकदा मात्र ती दुकानात शिरली ती हसतच. एका जुन्या औषधाने वाढ थांबली होती, मुंबईनेही तेच सांगितलं. मी तिथल्या तिथे ते औषध खोक्यातून काढलं. इकडे देवकीला डॉक्टरांनी पाय काढायची तारीख दिली होती. "दे की मग तिला," मी म्हटलं. वासंतीचं हसू गेलं. "नळीत जेवढं लागलं तेवढं तिला दिलं, तर बुरशीच्या आधी देवकीचं लिव्हर जाईल." मी पुष्कळ वाद घातला, पाय जाणारच आहे तर निदान करून बघ म्हटलं. तिने खोकं माझ्या हातातून घेतलं आणि परत फळीवर ठेवलं.

देवकीचा पाय गुडघ्याखाली काढला. त्या दिवशी वासंती माझ्या दुकानात आत येऊन रडली, शाळेपासून पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवकीला भेटायला गेलो. चादरीखालचा सपाट भाग आम्ही बघत नव्हतो, ती बघत होती. तिने विचारलं, "पाय तं गेला. ती मेली का?" वासंती खोटं बोलू शकली नाही. "नाही गं. माझ्याकडे आहे. मीच जगवलीय तिला, औषध सापडेपर्यंत लागेल." मला वाटलं, आता ही शिव्या घालणार... देवकीने त्या सपाट भागावरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "जगव मंग. पन मरंल त्या दिशी माना सांग." वासंतीने तिचा हात धरून, तुलाच आधी सांगेन, असं कबूल केलं. त्यानंतर नकली पायावर चालत देवकी बाजाराला आली, की आधी वासंतीकडे डोकवायची. "मेली का?" "नाही अजून." मग दोघी चहा घ्यायच्या.

वासंतीला जाऊन आता महिना होत आला. गेल्या आठवड्यात देवकी दुकानात आली आणि बाकावर बसली. "बाय गेली ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मंग तिला खायाला कोन घालील?" औषधं घ्यायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मी तिच्यासमोरच मुंबईला फोन लावला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, की वासंतीने पाठवलेली 'पोशेरा'ची एक नळी त्यांच्याकडे आहे, नवं खाद्य घातलंय, आता त्या जुन्या औषधाच्या जोडीला दुसरं घालून, कमी डोसमध्ये जमतंय का ते बघतायत. मी देवकीला जमेल तसं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मेली नाय." "नाही." मग पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. "शेजारनीची पट्टी. तिच्या पायाला आत्ता गाठ आलीय, लहान हाय, पन फुटलीय. धुयेल नाय, बघून घे." शेजारणीला आधी डॉक्टरांना दाखव म्हटलं, तर ते तिने कालच केलं होतं.

पट्टी ठेवायला मी ड्रॉवर उघडला. त्यात वासंतीची कात्री आहे. दुकानातच विसरून गेली होती आणि नंतर न्यायला आली नाही. तिच्याखाली एक-एक गोळी कमी असलेल्या स्ट्रिप आहेत, बऱ्याच मुदत संपलेल्या. त्या फेकायला हव्यात, नियमाने ठेवताही येत नाहीत. मी त्या बाजूला सारून पट्टीला जागा केली. देवकी जायला उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"बायनी कबूल केलं व्हतं. आता तू हायेस. मेली का माना सांग, शेठ. रातच्याला मेली तं रातच्याला सांग."

मी हो म्हणालो.