कल्पनानं माहं नाव खोडलं नाई

त्या दिवशी ओसरीवर आमी चौघी होतो. मी, शेजारच्या घरातली माही जाऊ शांता, सून वंदना, अन् अमरावतीहून सर्व्हेचं फारम घेऊन आलेली नवी पोरगी. सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून राहिलो होतो. म्या इचारलं, "औंदा कल्पना काहून नाई आली?" पोरगी खाली पाहे. म्हणे, "आजी, कल्पना मॅडम गेल्या… दोन महिने झाले." माह्या हातातली जुडी तशीच राहिली.

कल्पना दर दोन सालानं बार्शीटाकळीच्या एष्टीतून उतरून आमच्या घरी ये. तेच माणसं, तेच सवाल. घरात किती जन, नवीन माणसाशी बोलाले आवडते का, राग लवकर येते का. मी म्हणो, "दर खेपी हेच इचारतं, त्याचाच राग येते!" ती हासे अन् तेबी लिहून घे. शांता मातर गोड. "या बाई, बसा बाई, आज लय काम हाय, उद्या या." उद्या कल्पना आली का शांता मागच्या दारानं वावरात. एकडाव कल्पना मले म्हणे, "काकू, भांडणारे लोक सर्व्हेतून सुटत नाहीत. दार उघडूनच भांडतात ना! गोड बोलणारेच सुटतात." घरातून शांता ओरडली, "आयकू येते मले!"

मंग माही लेक सुशी गेली. बारावीत होती, तापाचं निमित्त झालं. कल्पनाले काय माहीत? आली अन् सवयीनं इचारलं, "घरात किती जन?" म्या फारम हिसकलं. "माहं नाव खोड. आता या घराले काई इचाराचं नाई." कल्पना पानी पेऊन निघून गेली.

पुढच्या खेपीले आली तं फारम थैलीतच. माह्यासंगं जुड्या बांधल्या, भाकर खाल्ली, गेली. त्याच्या पुढच्या खेपीलेही तसंच… मंग एका खेपीले म्याच म्हटलं, "काढ तुहा कागद. इचार."

तिनं हळूच इचारलं. म्या सांगतलं, "पाच होतो, आता चार हावो. सुशी नाई." तिनं सुशीचं पुरं नाव लिहिलं. डोये पुसले, मंग पुढचा सवाल.

नव्या पोरीनं जुने कागद वाचून दाखवले. माह्या नकाराच्या सालापासून तिन्ही खेपीले कल्पनाच्या हातचं एकच होतं, "घरी भेटल्या नाहीत."

म्या म्हटलं, "मी तं घरीच होती."

"नकार लिहिला असता तर तुमचं घर कायमचं वगळलं असतं, आजी."

खोटं लिहिलं तिनं, माह्यासाठी. नाई तं माही सुशी त्या कागदात अजूनबी बारावीतच शिकत राहिली असती. गेलेल्या लेकराले गेलं म्हणून लिहिणारंही कोनीतरी लागते.

पोरगी भेत भेत म्हणे, "आजी, औंदा सर्व्हेत राहता ना तुमी?"

"बस," म्या म्हटलं. "पन आंधी सांग, कल्पनाच्या मागं घरी कोन कोन हाय?"

तिलेही माहीत नोतं. इतके साल आमच्या ओसरीवर बसली, म्या कधी इचारलंच नाई.

मले लिहिता येत नाई, हे वंदना लिहून राहिली. वाचनाऱ्याले एवढंच सांगनं हाय. तुमच्या दारी कोनी कागद घेऊन आलं, तं सांगाचं नसन तं नका सांगू. पन त्याले सावलीत बसवा, अन् त्याच्या घरचं इचारा.