किनाऱ्यावरचं पहिलं घर

सायप्रसला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने मला एकच काम दिलं, समुद्रकिनारे निवडायचं. "तू कोकणातली, तुला त्यातलं कळतं," असं म्हणून त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः विमानाची तिकिटं बघत बसला. तो पुण्याचा. पुण्याच्या लोकांची अशी पक्की समजूत असते की कोकणातलं मूल आधी पोहायला शिकतं आणि मग चालायला. मला पोहता येत नाही. समुद्रातलं कळतं मात्र खरंच, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

समुद्राला भ्यायचं आणि राहायचं आखातातल्या बेटावर, यावरून घरात माझी भरपूर थट्टा होते. मनामाच्या जुफैर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून दोन टॉवरच्या फटीत पाण्याची एक पट्टी दिसते. तिथला पडदा मी ओढून ठेवते आणि उन्हाचं कारण सांगते. शुक्रवारी नवरा आणि मुलगी अमवाजच्या किनाऱ्यावर जातात. तिथलं पाणी इतकं उथळ आणि इतकं गरीब आहे की त्याला समुद्र म्हणताना जीभ अडखळते. "यल्ला, चल ना, आई!" असं ओरडत मुलगी पाण्यात पळते. मी वाळूत खुर्ची टाकून बसते आणि तिचं डोकं मोजते. डोकं एकच आहे, तरी मोजत राहते.

याचं कारण आमचं माहेरचं घर. गावच्या किनाऱ्यावरचं ते पहिलं घर, सुरूच्या बनाला अगदी लागून. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावचे लोक गाड्या भरभरून यायचे, गाणी लावायचे, अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात शिरायचे. आणि दर हंगामात एखादी दुपार अशी यायची की कोणीतरी बनातून धावत अंगणात येऊन ओरडायचं, "वहिनी, चादर!" आई काही विचारायची नाही. पेटी उघडायची, वरची चादर काढून द्यायची आणि मग ओटीवर बसून राहायची. नेलेली चादर कधी परत आली नाही. आईने ती कधी मागितलीही नाही. पेटीत एक जास्तीची चादर मात्र कायम असे, आणि ती अंगावर घ्यायची आम्हाला परवानगी नव्हती.

आमच्या घरात झोपताना तोंडावरून पांघरूण घ्यायलाही बंदी होती. कितीही डास चावोत, तोंड उघडं.

बुडणारा नेहमी पाहुणा असायचा. गावातला माणूस बुडत नसे, कारण पाणी कुठून परत जातं ते त्याला ठाऊक असे. पांढऱ्या लाटा फुटतात ती जागा पाहुण्यांना भीतीची वाटायची. दोन लाटांच्या मध्ये जिथे फेस नाही, पाणी कसं गुळगुळीत आणि हिरवंगार, तिथे ते मुलांना घेऊन उतरायचे. तिथूनच ओढ असते. किनाऱ्यावरची सगळ्यात सुंदर जागा तीच.

आता मी जुफैरमध्ये बसून परक्या समुद्राचे फोटो बघत होते. नवऱ्याने इंजिनिअरच्या शिस्तीने एक तक्ता करून दिला होता. सोनेरी वाळू, काचेसारखं पाणी, कुटुंबासाठी उत्तम, पाचपैकी पाच तारे. मी फोटो मोठा करायची आणि फेस कुठे तुटतो ते बघायची. तिथे हमखास एखादं मूल तरंगताना दिसायचं. असे एकामागून एक किनारे मी बाद करत गेले. शेवटी नवरा वैतागला.

"अगं, मग बाथटबच बुक करू का?"

"त्यातही बुडतात," मी म्हटलं.

मुलीने पुस्तकातून मान वर काढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, आय कॅन स्विम."

बिल्डिंगच्या तलावात ती खरंच छान पोहते. पण आमच्या अंगणापर्यंत ज्यांची बातमी आली त्यांच्यातही पोहणारे होते. ते मी तिला सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला काय काय सांगायचं?

मग तारखांवरून वाजलं. नवऱ्याला ईदच्या सुट्टीत जायचं होतं, रजा वाचते म्हणून. मी म्हटलं, ईदला मुळीच नाही. ईद चंद्र बघून होते, म्हणजे नुकतीच अमावस्या झालेली, म्हणजे समुद्राला उधाण. आठवडाभर थांबून अष्टमीच्या सुमाराला जायचं, तेव्हा भांग असते, पाण्याला जोर नसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला पाढ्यांच्या आधीपासून येतं. मनामातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी रोजच्या भरतीच्या वेळा काढल्या आणि मुलीने पाण्यात कधी उतरायचं ते ठरवून टाकलं. कितीतरी दिवसांनी मला त्या रात्री शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नवरा हसतच घरी आला. "तुझी पाऊणपट गुंडाळून ठेव. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी वीतभर वरखाली होतं, खलास."

त्याला वाटलं मी खूश होईन. मी उलट जास्तच भ्याले. आमचा समुद्र भयंकर होता, पण त्याला वेळ होती. तो यायचा, जायचा, आणि केव्हा ते आधी कळायचं. हा दिवसरात्र एकाच जागी बसून राहणारा. त्याला ओळखायचं कशावरून? मला येत होतं ते सगळं तिथे कुचकामी होतं. सुरूच्या बनात गाडी लावून हसत खिदळत उतरायचे त्या लोकांसारखीच मी तिथे उतरणार होते. या खेपेला पाहुणी मी होते.

त्यानंतर मी फोटोंत पाणी बघणं सोडलं आणि घर शोधायला लागले. राहायला नव्हे; हॉटेलांव्यतिरिक्त किनाऱ्यावर कोणाचं राहतं घर दिसतं का ते बघायला. बऱ्याच शोधानंतर एका लहानशा खाडीच्या फोटोत, कोपऱ्यात, एक बैठं घर सापडलं. दारात प्लास्टिकची खुर्ची होती आणि दोरीवर चादरी वाळत घातल्या होत्या. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

"हा," मी सांगितलं.

"याला तीनच तारे आहेत. सुविधा नाहीत म्हणतायत."

"हाच," मी म्हटलं.

आईला फोन केला तो केवळ कळवायला. आईने देशाचं नाव विचारलं नाही, हॉटेल विचारलं नाही.

"थंय किनाऱ्यार कोणाचा घर आसा काय?"

"आसा, आये."

"मगे पयली त्या घराक जा. पाणी खंय ओढता ता इचार. आमका कधी कोणी इचारूक नाय." मग म्हणाली, "आणि चादर घेवन जा गो. तुझी तू. त्या घरातल्या बायेची कित्याक?"

"आये, कायतरी अभद्र बोला नको!" असं ओरडून मी फोन ठेवला. आपली आई असं बोलू शकते, नातीबद्दल? पण खरं सांगायचं तर राग यासाठी आला होता की दोरीवरच्या त्या चादरी बघून माझ्या मनात हेच आलं होतं.

जायच्या आदल्या गुरुवारी मी मनामाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, गेले आणि एका भारतीय दुकानातून जाड सोलापुरी चादर घेतली. दुकानदाराने विचारलं, "घर के लिए?" मी पैसे पुढे केले. ती बॅगेत तळाशी घातली. नवऱ्याच्या हाताला लागलीच. "हॉटेलात चादरी असतात गं." मी म्हटलं, तिथल्या पातळ असतात. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन लावली.

सायप्रसला पोचल्यावर मी आधी खाडीकाठच्या त्या घरी गेले. तिथे एक म्हातारी बाई होती, आईच्याच वयाची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. मी समुद्राकडे बोट केलं, मुलीकडे केलं आणि हात जोडले. तिला ते लगेच समजलं. तिने एप्रनला हात पुसले, आमच्याबरोबर खाली आली, डावीकडच्या खडकांकडे दाखवून जोरजोरात नाही अशी मान हलवली. मग चपलेच्या टोकाने वाळूत एक रेघ ओढली, इथून इथपर्यंत. आणि वर जाऊन दारातली खुर्ची घेऊन आली, पाण्याकडे तोंड करून बसली. मी चादर घातलेली बॅग वाळूत ठेवून तिच्याशेजारी उभी राहिले.

नवरा गाडीतून टॉवेल आणायला गेला होता. त्याची वाट न बघता मुलगी पाण्यात शिरली. मी मोजत होते. एक. एक. एक. आणि मग डोकं नव्हतंच.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. गुडघाभर पाण्यात गेल्याचं आठवतं, पुढे पाय उचलेनात ते आठवतं. मागून म्हातारी काहीतरी म्हणत होती आणि बोट दाखवत होती. मुलगी बुडी मारून पलीकडे निघाली होती, रेघेच्या आतच, आणि मला हात करत होती.

ती बाहेर आली तेव्हा थंडीने ओठ निळे पडले होते. टॉवेलांचा पत्ता नव्हता. मी बॅगेला पाठ करून अजून पाण्याकडेच बघत होते. वळले तेव्हा म्हातारीने बॅगेतून चादर काढून मुलीवर टाकली होती. डोक्यावरून. मुलगी थंडीने वाळूतच मुटकुळं करून बसली होती आणि म्हातारी वरून तिला चोळत होती. मला दिसली ती फक्त ओल्या वाळूवरची चादर आणि तिच्याखाली झाकलेलं कोणीतरी. ते दृश्य मला ओळखीचं होतं.

"तोंड नको!" मी किंचाळले. "तोंड उघडं ठेवा!"

म्हातारी दचकून मागे सरली. मी धावत जाऊन चादर ओढली. आतून विस्कटलेले केस आणि चिडलेला चेहरा बाहेर आला.

"व्हॉट?" मुलगी म्हणाली. "आय वॉज गेटिंग वॉर्म!"

मी तिथेच बसले आणि मला रडू फुटलं. म्हातारीने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चादर नीट तिच्या खांद्यांभोवती गुंडाळली, गळ्याशी गाठ मारली आणि परत खुर्चीवर जाऊन बसली.

जुफैरला आल्यावर चादर झटकली तर बाल्कनीभर वाळू झाली. धुऊन ती दोरीवर घातली आणि आईला फोन लावला. खडकांचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. चादरीचं बोलायला धीर होत नव्हता. शेवटी तिनेच विचारलं.

"आणि चादर?"

"परत हाडली, आये."

आईने मग एवढंच विचारलं.

"धुतलंस?"

"होय."

"मगे आता पेटयेत ठेव नको," आई म्हणाली. "तुझ्या चेडवाक आंगार घेवक दी."