वीतभर अंतरावर एक क्लिप

चार मराठी माणसं एका गॅरेजमध्ये जमली की किस्से घडवावे लागत नाहीत. वेलिंग्टनच्या दमट घरातल्या बुरशीसारखे ते आपोआप वाढतात.

जॉन्सनव्हिल या उपनगरातल्या आमच्या गॅरेजात माझा नवरा निखिल किट कार बांधत होता. म्हणजे सुटे भाग खोक्यांतून येतात आणि गाडी आपण घरी जोडायची! माझी झोप उडवली ती ब्रेकचं तेल नेणाऱ्या नळीने. पेन्सिलीहून बारीक. हादऱ्यांनी घासून ती फुटली तर? आणि तेव्हा शेजारच्या सीटवर आमची सहा वर्षांची इरा असली तर?

मी जाहीर केलं, "ही नळी धरून ठेवणारी प्रत्येक क्लिप मी स्वतः हलवून बघितल्याशिवाय इरा या गाडीत बसणार नाही!"

मी मानसशास्त्रात एम. ए. आहे. गाडीतलं मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही.

*

निखिलचा मित्र मंदार आयटीतला. त्याने पहिल्याच शनिवारी सगळी नळी प्लॅस्टिकच्या झिप टायने बांधून टाकली.

"अरे, हे एक्झॉस्टच्या उष्णतेने वितळेल!" मी म्हणाले. (आदल्या रात्री वाचलं होतं. झोप कुठे होती?)

"वहिनी, हे फक्त टेस्टिंगपुरतं. प्रॉडक्शनला जाताना बदलू की!"

"मंदार, प्रॉडक्शन म्हणजे माझी मुलगी आहे!"

टाय निघाले. नळी एक्झॉस्टपासून लांब सरकली.

*

मग आमची मैत्रीण संगीता आली. पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. तिने आतून रबर असलेल्या धातूच्या क्लिपा आणल्या. "नळी घासायला नको, थरथरायला नको. साधारण वीतभर अंतरावर एकेक लाव."

निखिलने आपला पंजा ऐसपैस पसरला.

"थांब," मी म्हणाले, "वीत माझी!"

"तुझी केवढीशी आहे! ढीगभर क्लिपा लागतील गं!"

"म्हणूनच!"

संगीता म्हणाली, "निखिल, इराची वीत मागितली नाही, यात आनंद मान."

*

गळतीची तपासणी. मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय ब्रेकवर. बाकी तिघं टॉर्च घेऊन गाडीखाली.

"दाब! अजून! सोडू नकोस! श्वास घे!"

असा कोरस मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, लेबर रूममध्ये. तेव्हाही निखिल असाच ओरडत होता, आणि तेव्हाही दाबत मीच होते.

तेवढ्यात खालून मंदारचा आवाज, "काही बाहेर आलं नाही!"

"अभिनंदन," संगीता म्हणाली.

*

गाडी तपासून रस्त्यावर आणायची परवानगी देणारा सर्टिफायर येणार त्या सकाळी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर फर्मावलं, "नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली का रे?" मंदारने पुढे वाकून, हाताला लागलं तिथे बांधून टाकली. हाताला लागली ती ब्रेकची नळी!

सर्टिफायर उताणा गाडीखाली सरकला.

"व्हॉट्स धिस, मेट?"

मंदार घाईने म्हणाला, "सेफ्टी डिव्हाइस."

"ब्रेक पाइपला काहीही लटकवायचं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. मग मिरच्यांकडे नीट बघून, "सेफ्टी डिव्हाइस असेल, तर त्याला स्वतःची क्लिप लागेल."

लागली. गाडी पास!

*

त्या रविवारी निखिलने इराची चाइल्ड सीट गाडीत बसवली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाऱ्यात ड्राइव्हवेवर आडवी झाले. खाली घुसून एकेक क्लिप हलवली. एकही हलली नाही. आता अडवायला कारणच उरलं नव्हतं.

मी उठले, ओढणीवरची माती झटकली. आवाज शक्य तितका निर्धास्त ठेवत म्हणाले, "जा गं इरा. बस बाबाशेजारी. एकदम सेफ आहे."

इराने गाडीकडे बघितलं. बाबाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि माझा हात धरून मला गाडीपाशी नेत म्हणाली,

"यू गो फर्स्ट, आई. आय विल वॉच."