सुलभाचा धूप

देवापुढे बसून दुसऱ्याचा हेवा करता येतो का, असं कोणी विचारलं असतं तर मी कानाला हात लावला असता. पण मागचं सबंध वर्ष मी तेच करत होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि मनात सुलभा.

कोथरूडला आमच्या सोसायटीत दत्ताचं छोटंसं देऊळ आहे. दर गुरुवारी आरती असते. आमच्या ह्यांना विकतच्या उदबत्तीने खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी घरीच धूप करू लागले. देवावरची फुलं वाळवून कुटायची, गोवरीच्या पुडीत मिसळायची, त्यात थोडा गुग्गुळ, थोडा कापूर घालायचा, साजूक तुपात मळायचं आणि बोटाएवढ्या कांड्या वळून सावलीत सुकवायच्या. वरच्या मजल्यावरच्या सुलभाला हे सगळं मीच माझ्या ओट्याशी उभं करून शिकवलं. तिच्या हाताला काय गुण होता कोण जाणे! तिच्या कांड्या एकसारख्या, शेवटपर्यंत शांतपणे जळणाऱ्या. बघता बघता देवळात सगळे तिचाच धूप मागू लागले. "सुलभाताईंच्या धुपाला तोड नाही" हे ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. ती बिचारी हसून म्हणायची, "अहो, वहिनींनीच तर शिकवलं." तेही मला झोंबायचं.

दत्तजयंतीला तिचाच धूप लावायचा असं ठरलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी तोंडदेखलं "छान, छान" म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली. "धुपाचा राग पातेल्यांवर कशाला?" हे म्हणाले. मला रडू येत होतं. इतकी वर्षं ज्याच्यापुढे बसले त्याला माझ्या हातचं काहीच नको आहे, असं वाटायला लागलं होतं. लोकांचं मेलं जाऊ दे, पण त्याने तरी मला बाजूला सारू नये ना.

मग मी हट्टाला पेटले. कसबा पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून चंदनाची पूड आणली, जटामांसी आणली, उत्तम गुग्गुळ आणला. गोवरीची पूड मात्र नावाला घातली. सुलभासारखी ओंजळ ओंजळ पूड घालून भागवायचं नव्हतं मला. घरभर असा घमघमाट सुटला की ह्यांनी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, आणि खोकले नाहीत.

जयंतीच्या दिवशी बाकीच्या बायका तयार व्हायला घरी गेल्या तशी मी देवळात शिरले. धुपाटण्यात सुलभाची कांडी जळत होती. तिच्या शेजारी मी माझी पेटवून ठेवली. ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. दुसरी काढली, तिचंही तेच. शेवटी मी फुंकर घालायला वाकले.

"फुंकर नका मारू. देवापुढे आहात."

खांबाशी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर नातीचं दप्तर. समोरच्या गल्लीतला क्लास सुटायची वाट बघत असाव्यात. त्या उठल्या, माझी कांडी हातात घेऊन हुंगली. "वास सुरेख आहे हो. पण नुसता वासच घातलात, जळायला काही ठेवलंच नाहीत." आणि त्यांनी ती सुलभाच्या कांडीच्या निखाऱ्यावर टेकवून ठेवली.

"अहो, ती दुसऱ्यांची आहे," मी घाईने म्हटलं.

"मग? नावं घालून ठेवलीत की काय इथे?"

माझी कांडी हळूहळू धरू लागली. धुराची एक रेघ वर गेली आणि चंदनाचा वास दत्ताच्या पायांपर्यंत पोचला. तेवढ्यात मंडळी जमली, पाळणा सजला. कोणीतरी खोल श्वास घेत म्हणालं, "सुलभाताई, आज काय वेगळं घातलंत? कमाल आहे!" सुलभा गोंधळली. "काही नाही हो, नेहमीचाच आहे," म्हणाली.

'माझा आहे तो!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी मूर्तीकडे पाहिलं. धुरातून दत्ताचा चेहरा दिसत होता आणि मला एकदम भरून आलं. त्याने माझा धूप घेतला होता. ज्यासाठी मी वर्षभर कुढत होते ते झालं होतं, आणि ते कोणाला सांगायची गरजच उरली नव्हती. मी जन्माची फुलं उधळली. नंतर त्या बाईंना शोधलं, पण क्लास सुटला असावा, खांबापाशी कोणी नव्हतं. त्या कोण होत्या, मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

आता सुलभा आणि मी एकाच परातीत धूप मळतो. गोवरीची पूड ती घालते, वासाचं मी बघते. लोक अजूनही त्याला सुलभाचाच धूप म्हणतात. ती दर वेळी "आमचा दोघींचा" म्हणते, कोणी लक्ष देत नाही. अजून झोंबतं, खोटं कशाला सांगू? झोंबलं की मी दत्ताकडे बघते. त्याला माहीत आहे.