घर का माणूस?

आमचे पाळकसाहेब दर रविवारी स्वतःच्याच उपासनेला उशिरा पोचत, पण महापालिकेच्या ट्रकच्या आधी मात्र न चुकता हजर. उशीर व्हायचा तो नाल्याकाठच्या वस्तीमुळे. चर्चकडे निघाले की कोष्ट्यांच्या दारातून, बौद्धांच्या दारातून हाक यायची, "पादरीबाबा, बसा नं!" आणि ते बसत. तिकडे प्रार्थनेला आलेली मंडळी घड्याळं बघत असायची.

मी वस्तीच्या लढ्याची पत्रकं लिहिणारा. देव मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी प्रत्येक पत्रक छापण्याआधी त्यांना दाखवी. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "याच्यात सैतान लय झाले गा, मानसं कमी. दलाल-दलाल काय लावलं? विड्या वळून पोरं पोसणाऱ्या वत्सलाबाईची चूल फोडली, ते लिही नं!" मी चिडायचो आणि तेच लिहायचो. ते पत्रक लोक घडी करून जपत.

वस्तीकडे जागेचे सरकारी पट्टे नव्हते, म्हणून महापालिकेच्या लेखी ती वस्तीच नव्हती. घरं पाडायला ट्रक यायचा भर दुपारी, माणसं कामावर गेलेली बघून. शूरच ते! वत्सलाबाईंची चूल फोडून गेला, त्यानंतर पुन्हा आला तेव्हा पाळकसाहेबांनी चर्चची घंटा वाजवली, ती मयताची. एक ठोका, थांबणं, पुन्हा ठोका. माणसं धावत आली ती मातीला जायच्या तयारीनं, आणि समोर ट्रक पाहून रस्त्यातच बसली. साहेब सगळ्यांच्या पुढे, पांढरा झगा धुळीत.

अधिकारी म्हणाला, "फादर, तुम्ही कशाला? तुमचं चर्च तर पक्कं आहे."

"म्हनूनच बसलो. माह्या घरावर कोनी येत नाही."

ट्रक परत गेला. चर्चची पंचमंडळी मात्र भडकली. त्यातले थोरले पंच म्हणाले, "घंटा प्रभूची आहे, भांडणाची नाही. मयत कुठं होतं?"

"काहून? घर मेलं तं मयत नाही म्हनत का?"

पंचांना पटलं नाही. वस्तीला पटलं. तेव्हापासून रीतच पडली. ठोके ऐकले की आधी रस्त्यावर बसायचं, मग विचारायचं, घर का माणूस? माणूस असेल तर उठून मातीला जायचं, घर असेल तर उठायचंच नाही. ट्रक कितीदा आला आणि रिकामा गेला.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी ठोके पडले. बाया हातातलं टाकून आल्या, बसल्या, मीही बसलो. ट्रक दिसेना. साहेबही दिसेनात, आणि ते पुढे नाहीत असं कधी झालं नव्हतं. चर्चकडून थोरले पंच अनवाणी चालत आले. घंटेचा दोर ओढून त्यांचे तळवे लाल झाले होते.

वत्सलाबाईंनी विचारलं, "घर का मानूस?"

पंच म्हणाले, "साहेब गेले वं."

पेपरात आलं, ख्रिस्ती समाजाचे नेते निवर्तले. दोन ओळी. नाल्याकाठच्या वस्तीला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी त्याच रस्त्यानं आली. आम्ही बसलेलोच होतो. गाडी थांबली. आधी वत्सलाबाई उठल्या, मग सगळे उठलो आणि बाजूला झालो. त्या रस्त्यावर एखाद्या गाडीला आम्ही वाट दिली, ती पहिल्यांदाच.